सही डॉक्टरांची, झोप मात्र माझी उडते

पत्र : औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी मी एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले. तीन ट्रायल्स (रुग्णांवरच्या औषधचाचण्या) माझ्याकडे आहेत. आमचे प्रमुख संशोधक नावाजलेले डॉक्टर आहेत, पण त्यांना वेळच नसतो. रुग्ण निकषांत बसतो का, हे मीच बघते आणि पुढे नेते. त्यांची सही आठवड्याने होते, तारीख मात्र आधीची पडते. त्रास सौम्य की मध्यम, औषधामुळे की नाही, हेही मीच भरून ठेवते. मागच्या महिन्यात एक काका म्हणाले, ‘मला नको आता हे औषध.’ आमचा सहभागींच्या भरतीचा आकडा आधीच मागे होता. ‘समजाव त्यांना,’ असं मला सांगण्यात आलं. मी समजावलं. काका ट्रायलमध्ये राहिले. म्हणाले, ‘तू सांगतेस म्हणून.’ तेव्हापासून मला नीट झोप नाही. घरच्यांना वाटतं माझं काम फायली लावायचं. मैत्रिणी म्हणतात, मॉनिटर (कंपनीतर्फे ट्रायलच्या नोंदी तपासणारी) हो आणि सुट. काय करू?
– एक कोऑर्डिनेटर

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तुम्ही तारखांचं आधी लिहिलंय आणि काकांचं नंतर. मी उलट क्रमाने घेते. तारखा पडून गेल्या आहेत, काका मात्र अजून ते औषध घेताहेत.

‘मला नको’ असं ते म्हणाले तेव्हा ‘का नको’ हे त्यांना कुणी विचारलं का? पत्रात त्याचा कुठे उल्लेख नाही, म्हणून शंका येते. सहभागी ट्रायलमधून कधीही बाहेर पडू शकतो, कारण न देता, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. संमतीपत्र समजावताना हे तुम्ही स्वतःच कितीदा म्हटलं असेल. कारण सांगायचं बंधन त्यांच्यावर नाही, पण तुम्ही अदबीनं विचारायला कुणाचीच ना नाही. उलट विचारायलाच हवं. चक्कर येत असेल, पोट बिघडत असेल, काहीतरी असं होत असेल की जे तुमच्यासारख्या तरुण मुलीपुढे बोलायला संकोच वाटतो. तसं असेल तर ‘मला नको’ या शब्दांच्या आड एक न नोंदवलेला ॲडव्हर्स इव्हेंट (ट्रायलदरम्यान झालेला त्रास) आहे आणि डॉक्टरांनी त्यांना तपासायला हवं. किंवा कारण अगदीच वेगळं असेल : येण्याजाण्याची दगदग, दर वेळी रक्त काढणं, सोबतीला कुणी नसणं. मग भेटीची वेळ बदलून किंवा प्रवासखर्च वेळच्या वेळी देऊन प्रश्न सुटूही शकतो. समजावण्याच्या भरात हे दोन्ही राहून जातं.

दुसरं असं की ‘राहा’ आणि ‘जा’ यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि ती सहभागींना क्वचितच कुणी दाखवतं. औषध बंद, पण ठरलेल्या तपासण्या चालू. तपासण्याही नकोत, फक्त अधूनमधून फोनवर विचारपूस. फोनही नको, पण रुग्णालयातल्या नोंदी बघायला हरकत नाही. किंवा यांतलं काहीच नको, इथेच थांबू. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, यातलं काय काय चालतं ते बघून ठेवा, मग काकांना एकेक सुटं विचारा आणि जे उत्तर येईल ते सुटंच नोंदवा. तोवर गोळा झालेली माहिती सहसा अभ्यासात राहते, हेही त्यांना स्वच्छ सांगा. उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या, शेवटची सुरक्षा-तपासणी करता आली तर करायची. औषध एकदम थांबवायचं की हळूहळू कमी करायचं हे डॉक्टरच सांगतील, कारण काही औषधं अचानक तोडली तर त्रास होतो.

यात प्रायोजकाचंही, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचंही, नुकसान नाही, हे तुमच्या वरिष्ठांना ठणकावून सांगता येईल. औषध न सोसणारी माणसंच बहुधा आधी बाहेर पडतात. त्यांची पुढची काहीच माहिती राहिली नाही, तर उरलेल्यांच्या आकड्यांत औषध असतं त्यापेक्षा गुणी दिसतं. म्हणून औषध सोडलेल्या माणसाची फोनवरची विचारपूससुद्धा अभ्यासाला मोलाची असते, आणि मनाविरुद्ध राहिलेला, गोळ्या घरी तशाच ठेवून ‘घेतल्या’ असं सांगणारा सहभागी अभ्यासाला महागात पडतो.

तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा की काकांनी ट्रायल सोडायची इच्छा व्यक्त केली होती आणि मी राहायचा आग्रह केला होता. मग काकांशी बोला. फार जुळवाजुळव नको. ‘मागच्या वेळी तुम्ही नको म्हणालात आणि मी तुम्हाला राहायचा आग्रह केला. तो करायला नको होता. तुम्ही ठरवाल तसं करू, आणि काहीही ठरवलंत तरी डॉक्टर तुम्हाला पूर्वीसारखेच बघतील.’ एवढं पुरे. हे बोलताना रडवेल्या होऊ नका, नाहीतर काका तुमचीच समजूत काढायला लागतील आणि पुन्हा तुमच्यासाठी ट्रायलमध्ये राहतील. बोलणं झालं की त्याच दिवशी, त्याच दिवसाच्या तारखेने सोर्स नोंदीत (सहभागीच्या मूळ नोंदीत) लिहा : ते मागच्या भेटीत काय म्हणाले होते, आज काय म्हणाले, काय ठरलं.

‘तू सांगतेस म्हणून’ या शब्दांनी तुमची झोप उडाली. माझ्या मते ती उडायलाच हवी होती. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक सरकारी अभ्यास चालला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि उपचार न केल्यास तो कसा वाढतो हे पाहायचं होतं. त्या माणसांना मात्र तुमच्या ‘दूषित रक्ता’वर इलाज चालू आहे असं भासवलं गेलं. पेनिसिलिन हा या आजारावरचा नेहमीचा उपचार झाल्यावरही ते त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. हे सगळं पुष्कळांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते युनिस रिव्हर्स हे नाव. अभ्यासातले डॉक्टर येत-जात राहिले, पण या परिचारिका सुरुवातीपासून त्यात होत्या. माणसांना गाडीतून तपासणीला नेणं, घरी सोडणं, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारणं, शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीच्या खर्चाला मदत मिळवून देणं, हे सारं त्या करत. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या, त्या लोकांना जवळून ओळखत होत्या, त्यांच्याशी मायेनं वागत होत्या. आज आपण जिला कोऑर्डिनेटर म्हणू, तीच ही बाई. त्यांना कितपत दोष द्यायचा यावर आजही वाद आहे आणि मला त्यांना खलनायिका करायचं नाही. पण ती माणसं इतकी वर्षं येत राहिली, यात त्यांच्या शब्दाचा वाटा मोठा होता.

तुमची बरोबरी मी तिथे लावत नाही. तुमच्या ट्रायल्सना एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, काकांच्या हातात माहितीपत्रक आहे. मला दाखवायचं आहे ते तुमच्या खुर्चीचं वजन, जे घरच्यांना ‘फायली’ वाटतं. सहभागींना प्रायोजक कधी दिसत नाही, डॉक्टर पाच मिनिटं दिसतात. त्यांच्यासाठी ट्रायल म्हणजे तुम्ही. शिवाय ट्रायल आणि उपचार यांतला फरक माणसाच्या मनात पुसट होतोच. पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गैरसमजाकडे लक्ष वेधलं : संशोधनातला प्रत्येक निर्णय आपल्याच भल्यासाठी घेतला जातोय, असं सहभागी धरून चालतो. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर, तोच पांढरा कोट. दुसरं काय वाटणार? म्हणून ‘तुम्ही तुमच्या आईला हे औषध दिलं असतं का?’ असं कुणी विचारलं तर हो किंवा नाही या दोन्हींत अडकू नका. ‘नवं औषध जुन्यापेक्षा बरं आहे का हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तर हा अभ्यास आहे. तुम्हाला कुठलं मिळेल हेही माझ्या हातात नाही. तुमच्या मनात नक्की कशाची धास्ती आहे, ते सांगा,’ असं म्हणा. त्यातून जे बाहेर येईल ते बहुतेक वेळा डॉक्टरांपर्यंत पोचवण्यासारखं असतं.

आता सहीकडे येऊ.

पात्रता कोण ठरवतं? डॉक्टर. त्रासाची तीव्रता? डॉक्टर. तो औषधामुळे झाला का? तेही डॉक्टरच. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याची, आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेची मार्गदर्शक सूत्रं १९९६ मध्ये आली, २०१६ मध्ये त्यांत भर पडली, २०२५ मध्ये ती नव्याने मांडली गेली. या सगळ्यांत एक गोष्ट कायम आहे : प्रमुख संशोधक कामं वाटून देऊ शकतो, पण जबाबदारी त्याचीच राहते, आणि वैद्यकीय निर्णय वैद्यकीय पात्रता असलेल्यानेच घ्यायचे असतात. उद्या गेल्या गेल्या डेलिगेशन लॉग (कुठलं काम कुणावर सोपवलंय त्याची यादी) उघडा आणि तुमच्या नावापुढे कुठली कामं आहेत ते वाचा. पात्रता ठरवणं तिथे नसेल, तर न सोपवलेलं काम तुम्ही करत आहात. असेल, तर ते मुळात तुमच्या नावापुढे पडायलाच नको होतं. दोन्हीकडून घसरण तुमच्याच दिशेने आहे.

मला वाटतं, तुमचा खरा थकवा तीन ट्रायल्सचा नाही. जे निर्णय तुमचे नाहीत ते तुम्ही रोज घरी नेता, त्याचा आहे.

तुमचं काम तथ्यं गोळा करणं, आणि ते तुमच्याइतकं बारकाईनं डॉक्टरही करत नाहीत. डोकेदुखी कधी सुरू झाली, त्या दिवशीचा डोस किती वाजता घेतला होता, कधी थांबली, कुठली गोळी घेतली, रोजची कामं जमली का, पूर्वी कधी असं झालं होतं का. हे सहभागीच्या शब्दांत लिहा. तीव्रतेचा आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना बघून आपले हात शिवशिवतात, कारण आपल्याला क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दलची विचारणा, येण्याची भीती असते. येऊ दे क्वेरी. ‘संशोधकांचा अभिप्राय बाकी’ हे खरं उत्तर आहे.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा, कारण तिथे थांबून चालत नाही. इव्हेंट तीव्र आहे का हा निर्णय डॉक्टरांचा, पण तो सीरियस आहे का हे बहुतांशी घडलेल्या गोष्टीवरून कळतं : मृत्यू, जीवाला धोका, रुग्णालयात दाखल होणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात दोष. भयंकर डोकेदुखी घरीच थांबली तर ती सहसा सीरियस नसते, आणि छातीत जरासं दुखलं म्हणून रात्रभर दाखल केलं तर ती एसएई (सीरियस ॲडव्हर्स इव्हेंट) होते. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ती प्रायोजकाला कळवायला २४ तास असतात, आणि ते घड्याळ साइटला, म्हणजे ट्रायल चालते त्या रुग्णालयातल्या तुमच्या चमूला, समजलं त्या क्षणापासून धावतं. काकांच्या मुलाने रात्री दहाला तुम्हाला फोन करून ‘बाबांना ॲडमिट केलंय’ असं सांगितलं, तर साइटला दहा वाजता समजलं. डॉक्टर सकाळी आले तेव्हा नव्हे. त्या वेळी डॉक्टरांना उठवायचा संकोच करू नका, आणि फोनची वेळ लिहून ठेवा. माहिती अपुरी असली तरी पहिला अहवाल जातो, उरलेलं मागून पाठवता येतं.

मागच्या तारखांची सही आणि उशिराची सही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टरांनी मंगळवारी केलेली तपासणी शुक्रवारी लिहिली, शुक्रवारची तारीख घातली आणि उशिराची नोंद म्हणून कारण दिलं, तर तो ढिसाळपणा आहे. कुणी ऑडिटर त्यावर ताशेरा मारेल आणि विषय संपेल. शुक्रवारी सही करून मंगळवारची तारीख घातली, तर ते खोटं कागदपत्र आहे. आणि ते सापडतं. पात्रतेची सही सकाळी दहाची आणि रक्ताचा अहवाल छापला गेला दुपारी दोनला. सहीच्या दिवशी डॉक्टर परिषदेला गेलेले. इलेक्ट्रॉनिक नोंदीत तर कुणी, कधी, काय बदललं याची ऑडिट ट्रेल आपोआप उमटते. मॉनिटर या गोष्टी शोधत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर ते फक्त अजून त्या पानापर्यंत पोचलेले नाहीत.

जे होऊन गेलं ते खोडू नका, पानं बदलू नका, व्हाइटनर तर नकोच. प्रत्यक्षात सही कधी झाली हे ज्या-ज्या नोंदींबाबत तुम्हाला नक्की ठाऊक आहे, त्यांची यादी करा. ती घेऊन डॉक्टरांपुढे बसा आणि आजच्या तारखेचा एक नोट टू फाइल करा : काय घडलं, कुठल्या सहभागींबाबत, पुढे काय बदलणार. कागदावरची दुरुस्ती असेल तर एक आडवी रेघ, जुनं वाचता येईल अशी, शेजारी खरी माहिती, आद्याक्षरं, आजची तारीख, कारण. त्यातला एखादा सहभागी मुळात निकषांत बसतच नव्हता असं निघालं, तर ते प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे आराखड्याबाहेर जाणं, आहे. प्रायोजकाला आणि नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीला कळवावं लागेल. आधी मात्र तो माणूस ठीक आहे ना हे बघायचं.

डॉक्टरांशी बोलताना नियमावली वाचून दाखवू नका, त्याने फक्त अहं दुखावतो. व्यस्त माणसाला वेळ मागायचा तर कामाच्या भाषेत मागावा. ‘सर, सोमवारी दोन स्क्रीनिंग आहेत. अहवाल मी सकाळी लावून ठेवते, सहीच्या जागी खुणा करते. तुमची सही झाल्याशिवाय मी रँडमायझेशन करणार नाही. ओपीडीच्या आधी दहा मिनिटं मिळतील का?’ यातलं रँडमायझेशनचं (कुणाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवण्याचं) वाक्य महत्त्वाचं आहे. ते मऊ आवाजात म्हणा, पण गाळू नका. आणि त्यांना खरंच वेळ नसेल तर एक उपसंशोधक घ्या म्हणावं. विभागातला एखादा कनिष्ठ डॉक्टर प्रशिक्षण देऊन डेलिगेशन लॉगवर आला की तुमचे निम्मे प्रश्न संपतील. बहुतेक डॉक्टर याला तयार होतात, कारण इन्स्पेक्शनमध्ये नाव त्यांचं वाचलं जातं, तुमचं नाही.

तरीही ते ‘तारीख मागची टाक’ म्हणाले, तर तोंडी वाद न घालता मेल करा : ‘आज झालेल्या सह्यांवर आजचीच तारीख घालते आहे.’ तेही चालेना, तर मॉनिटरला सांगा, आणि वेळ आली तर एथिक्स कमिटीला. याची किंमत पडत नाही असं मी म्हणणार नाही. वातावरण बिघडतं, शिफारसपत्र अडतं. अशा ठिकाणाहून लवकर बाहेर पडणं हाच मग शहाणपणा.

भरतीच्या आकड्याचं ओझं मात्र आजच उतरवा. लुई लसान्या या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाच्या नावाने आपल्या क्षेत्रात एक अर्धवट विनोदी नियम सांगतात : ट्रायल सुरू झाली की योग्य रुग्ण गायब होतात आणि संपली की परत दिसायला लागतात. खरं कारण असं की सुरू होण्याआधी कुणीतरी निकष न वाचता अंदाज दिलेला असतो. तुम्ही स्क्रीनिंग लॉग काटेकोर ठेवा, कोण कुठल्या निकषावर गळलं हे दर महिन्याला मॉनिटरला पाठवा. दहातले सहा जण एकाच अटीवर गळत असतील तर ते प्रायोजकाला कळायलाच हवं. पुरेशा साइट्सनी तेच सांगितलं तर प्रोटोकॉल दुरुस्तही होतो. न बसणाऱ्याला बसवणं आणि जाणाऱ्याला अडवणं हे आकडा वाढवायचे मार्ग नाहीत.

घरच्यांना समजावायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

राहिला मॉनिटर व्हायचा प्रश्न. काम चांगलं आहे, पगार सहसा बरा असतो, पण प्रवास फार. आणि मुख्य म्हणजे तिथे तुम्ही दुसऱ्याच्या नोंदी तपासता, सहभागी भेटत नाहीत. तुमचं पत्र वाचून मला वाटलं की माणसं सुटली तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल, पण हा माझा अंदाज. डेटा मॅनेजमेंट, औषध-सुरक्षा, नियामक कागदपत्रं, साइट मॅनेजर असेही रस्ते इथून फुटतात. एसीआरपी किंवा सोक्रा या क्लिनिकल रिसर्चमधल्या व्यावसायिकांच्या संस्थांच्या प्रमाणपत्र परीक्षा कामाच्या अनुभवावर देता येतात. त्यांच्या अटी बघून ठेवा. घाई करू नका असं म्हणायचं कारण वेगळं आहे. दीड वर्षात तुम्ही बहुधा ट्रायल सुरू होताना पाहिली, बंद होताना नाही. क्लोज-आउट भेटीत औषधाची गोळी न् गोळी जुळवावी लागते, उघड्या क्वेरी मिटवाव्या लागतात, दोन वर्षांपूर्वीची नोंद तुम्हालाच समजेनाशी झालेली असते. ते एकदा केलेली व्यक्ती पुढच्या ट्रायलमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळी नोंद ठेवते. तीनपैकी जी लवकर संपणार असेल ती संपेपर्यंत थांबता आलं तर थांबा. डॉक्टर बदलायला तयारच नसतील तर तेवढंही नको. मुलाखतीत ‘जुनी जागा का सोडली’ असं विचारतीलच. तेव्हा त्या डॉक्टरांचं उणंदुणं काढू नका. तिथे डेलिगेशन लॉग कसा दुरुस्त करून घेतला, ते सांगा.